काळी केळी, गार कुल्फी

तुमच्या फ्रीजच्या डोक्यावर आत्ता काय पडलंय? उठा, जरा बघून या. आमच्याकडे नवरात्र संपलं तेव्हा तिथे तेरा केळी होती.

आम्ही चौघी कर्वेनगरात भाड्याने राहतो. दोघींचे नऊ दिवसांचे उपवास होते. त्यामुळे 'असू देत, लागतील' म्हणत प्रत्येकीने येता येता एकेक फणी आणलेली. दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली आणि त्यानंतर केळ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ठिपके पडले, सहाव्या दिवशी सालं काळी झाली आणि त्यानंतर चिलटं. स्वयंपाकघरात पाय ठेवला की चिलटांचा थवाच उठायचा. कचऱ्याची पाळी कुणाची, यावरून वाद झाला आणि केळी होती तिथेच राहिली.

केळ्यांचं एक वेळ ठीक होतं. बाल्कनीतल्या पिशवीचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता.

आमची एक रूममेट पुरंदरची आहे. घरची सीताफळाची झाडं आहेत. सीझनमध्ये तिचे बाबा मालाबरोबर पहाटे मार्केट यार्डात येतात आणि परत जाताना एक पिशवी आमच्या दारात ठेवून जातात. त्या पिशवीत काय असतं, ते ऐका. सीताफळ विकायचं ते कडक असताना. डोळे उघडले, पण फळ अजून टणक आहे, असा माल चालतो. बोटाने दाबलं आणि दबलं, की ते क्रेटमधून बाजूला. त्याला भाव नाही, कारण गिऱ्हाईकाच्या घरी पोचेपर्यंत ते फुटणार. ही बाजूला काढलेली, सगळ्यात गोड फळं लेकीकडे येतात.

चौघींनी मिळून किती खायची? एका बैठकीत प्रत्येकी एक, फार तर दीड. दुसऱ्या दिवशी कॉलेज, क्लास, सबमिशन. तिसऱ्या दिवशी पिशवी खालून ओली. एका रविवारी तिने उरलेली नऊ सीताफळं काळ्या पिशवीत बांधली, आम्हाला म्हणाली, "बाबांना सांगू नका हं." तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "गोड होती का गं?" "हो बाबा, संपलीसुद्धा." फोन ठेवून ती त्या काळ्या पिशवीशेजारी बराच वेळ बसून राहिली. ज्यांच्या घरून डबे, पेट्या, पिशव्या येतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फळ टाकताना जीव तुटतो तो फळासाठी थोडाच!

तर त्या रविवारपासून आमच्या घरात फ्रीजरचा उद्योग सुरू झाला. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवतेय. बऱ्याच चुका आम्ही करून झाल्या आहेत, त्या तुम्ही पुन्हा करू नका.

जास्त पिकलेलंच का?

आइस्क्रीम पार्लरमध्ये वितळलेलं आइस्क्रीम कधी प्यायलात? भयंकर गोड लागतं. तेच गोठलेलं असताना बरोबर वाटत होतं. जीभ गार पडली की तिला गोडी कमी कळते. म्हणजे हाताने खायला नेमकं बरं वाटणारं फळ गोठवलं की फिकं लागतं आणि हाताने खाताना नकोसं गोड वाटणारं फळ गोठवलं की बरोबर लागतं. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन बेचव प्रयोग करावे लागले. छान पिवळी, डाग नसलेली केळी मुद्दाम विकत आणून गोठवली होती मी!

केळ्याचं उदाहरण बघा. हिरव्या केळ्यात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना त्यातल्या बहुतेक स्टार्चची साखर होते. शिवाय फळाचा टणकपणा ज्या पेक्टिनमुळे असतो, ते मोडत जातं आणि गर मऊ होतो. गोठवलेल्या पदार्थाला या दोन्ही गोष्टी हव्याच असतात. साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्याइतकं सहज गोठत नाही, म्हणून गोड गराचा बर्फासारखा दगड होत नाही, चमचा आत जातो. आणि मऊ गरामुळे दाटपणा येतो, जो एरवी सायीतून आणावा लागतो. थोडक्यात, काळ्या सालीच्या केळ्याने निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं.

मुंबईत जुहूला १९८४ मध्ये 'नॅचरल्स' सुरू करणारे रघुनंदन कामत हे फळविक्रेत्याचे चिरंजीव. फळ कधी कुठल्या टप्प्यावर आहे, हे ओळखण्याचं शिक्षण त्यांना घरातूनच मिळालेलं. फळांची आइस्क्रीम विकून एवढं मोठं नाव करता येतं, त्यामागे ही नजर आहे. आपल्याला दुकान काढायचं नाहीये, पण नजर कमवायला हरकत नाही.

आधी नाक, मग मिक्सर

इथे मात्र जरा गंभीर होऊ या. जास्त पिकलेलं वेगळं आणि नासलेलं वेगळं. फ्रीजरमध्ये टाकलं म्हणजे जंतू मरतात, असा माझा पक्का समज होता. ते मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे खराब फळ गोठवून चांगलं होत नाही.

मग ओळखायचं कसं? सालीवर विश्वास ठेवू नका. केळ्याची साल कुट्ट काळी असू शकते आणि आत गर पांढरा-पिवळसर, मधासारख्या वासाचा. सीताफळाची सालही फ्रीजमध्ये ठेवली तर काळी पडते, आत काही झालेलं नसतं. साल काढा आणि नाक लावा. गोड, उग्र वास चालेल. आंबूस, दारूसारखा वास आला, फेस दिसला, गर तारेसारखा ओढला जाऊ लागला, तर सरळ कचऱ्यात. आणि बुरशी दिसली तर 'तेवढाच भाग कापते' हा मोह नको. मऊ फळात बुरशी दिसते त्यापेक्षा आत बरीच पसरलेली असते. पेरूत अळी आहे का, तेही फोडून बघा. आपटल्यामुळे काळा पडलेला केळ्याचा तुकडा किंवा हापूसमधला साका मात्र कापून टाकून बाकीचं वापरता येतं.

आमच्या घरात यावर एक नियम झालाय. फळाबद्दल दोघींचं दुमत झालं, तर ते टाकायचं. चाळीस रुपयांच्या केळ्यांसाठी परीक्षेच्या आदल्या दिवशी सलाइन लावून घ्यायची हौस कुणाला आहे?

गोठवलेलं शिकरण

सुरुवात केळ्यापासूनच करा, कारण यात चुकण्यासारखं फार कमी आहे. लहानपणी शिकरण खाल्लंच असेल. हा त्याचाच गार भाऊ.

केळी सोलून घ्या. सालीसकट फ्रीजरमध्ये टाकायची चूक मी केली आहे. गोठलेली साल निघत नाही, सुरीने तासावी लागते आणि बोटं बधिर होतात, ती वेगळीच. सोललेल्या केळ्याचे बोटभर जाडीचे काप करून ताटलीत एकमेकांना न चिकटता पसरवा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोळा करून डब्यात कोंबलेत, तर सकाळी एकच मोठा दगड हाती येईल.

सकाळी काप बाहेर काढून पाच मिनिटं तसेच राहू द्या. मग दोन केळ्यांचे काप आणि दोन-तीन चमचे दूध मिक्सरच्या भांड्यात घाला. सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा. आधी त्याचा रवा होईल. तुम्हाला वाटेल, बिघडलं. भांडं उघडा, चमच्याने कडेचं खाली ढकला, पुन्हा फिरवा. मग गोळे होतील. अजून एक-दोनदा असंच केलं की अचानक सगळं गुळगुळीत होतं, थेट मशीनमधून निघणाऱ्या सॉफ्टी आइस्क्रीमसारखं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही चौघी ओट्याभोवती उभ्या राहून भांड्यातूनच खाल्लं.

एकदम पाच-सहा केळी कोंबू नका. आमचा मिक्सर मध्येच बंद पडला आणि आता घरमालकीणबाईंना काय सांगायचं, म्हणून तोंडचं पाणी पळालं. शेवटी कुणीतरी मिक्सर उलटा केला. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक छोटं बटण असतं. लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. दहा मिनिटं थांबून ते आत दाबलं की गाडी पुन्हा सुरू.

चवीला वेलची-जायफळ घाला, चिमूटभर मीठ मात्र सगळ्यात घाला. चमचाभर कोको घातला तर चॉकलेट, भाजलेल्या दाण्यांचा कूट घातला तर अफलातून. साखर अजिबात नको. हे लगेच खायचं. परत फ्रीजरमध्ये ठेवलं की कडक होतं. मग दहा मिनिटं बाहेर ठेवून खावं लागतं.

पिशवीतल्या सीताफळांचं काय झालं

सीताफळाला दोन गोष्टी चालत नाहीत आणि दोन्ही आम्हाला रूममेटच्या आईने फोनवर सांगितल्या. पहिली, बी मिक्सरमध्ये जाता कामा नये. ही बी फुटली तर विषारी. गावाकडे उवा मारायला तिची पूड वापरायचे आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे मिक्सर विसरा. गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत राहायचं. कंटाळवाणं काम आहे. एखादी मालिका लावून चौघींनी मिळून करायचं. दुसरी गोष्ट, गर उकळायचा नाही. सीताफळ तापवलं की कडवट होतं.

म्हणून दूध वेगळं आटवायचं. अर्धा लिटर दूध मंद आचेवर ढवळत साधारण निम्मं होऊ द्या. तेवढा वेळ नसेल तर थोडं कमी आटवून त्यात चार चमचे दूध पावडर, गुठळी होऊ न देता. साखर दोन-तीन चमचे. फळ जास्त पिकलेलं असेल तर एकच पुरे. दूध पूर्ण गार होऊ द्या. 'कोमट आहे, चालेल' असं म्हणत मी एकदा गर घातला होता, तो घोट आठवला की अजून तोंड वाकडं होतं. गार दुधात चार मध्यम सीताफळांचा गर, म्हणजे मोठी वाटीभर, मिसळा. स्टीलच्या पसरट डब्यात ओता, झाकण लावा, फ्रीजरमध्ये टाका. प्लॅस्टिकपेक्षा स्टीलमध्ये लवकर गोठतं.

आता इथे आळस करू नका. पाऊण तासाने डबा काढा, कडेचा बर्फ काट्याने खरवडून मध्ये मिसळा आणि परत ठेवा. असं तीन वेळा. मशीन जे काम पंख्याने सतत करतं, ते आपण काट्याने तीनदा करतो. बर्फाचे स्फटिक मोठे झाले की जिभेला खरखर लागते. मोडत राहिलं की बारीक राहतात. ढवळायचा फारच कंटाळा असेल, तर हेच मिश्रण स्टीलच्या पेल्यात भरून मध्ये काडी खोचा, सात-आठ तासांनी कुल्फी तयार. कुल्फी घट्ट दुधाचीच असते आणि न ढवळता गोठवतात, त्यामुळे तिथे जरा खरखर चालते. पेला नळाखाली क्षणभर धरला की कुल्फी सुटते.

जाता जाता एक. बाजारातल्या डब्यांवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते कधी वाचलंत? आपल्याकडच्या नियमांनुसार नुसतं 'आइस्क्रीम' म्हणून विकायचं, तर त्यात दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं. वनस्पती तेल-तूप वापरलं असेल, तर 'फ्रोझन डेझर्ट' असं लिहावं लागतं. आमच्या सीताफळाच्या डब्याला कुठलं नाव द्यायचं, यावर अजून एकमत नाही. सध्या त्यावर नुसतं 'हात लावू नये' असं लिहिलंय.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी

फ्रीजच नाही, काय करू? असं विचारणारे मेसेज येणार, माहितीये. आजी-आजोबांना विचारा. लाकडी बादलीत मध्ये डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, वर फिरवायचा दांडा, असं पॉट भाड्याने आणून आख्खा वाडा आइस्क्रीम करायचा. दांडा फिरवून हात दुखले, की पुढच्याच्या हातात. ते तंत्र तुमच्या रूमवरही चालतं.

बर्फात मीठ घातलं की तो शून्य अंशाच्या खाली जाऊनसुद्धा वितळत राहतो आणि वितळताना आसपासची उष्णता ओढून घेतो. मीठ पुरेसं असेल, तर तापमान उणे पंधराच्याही खाली जातं, म्हणजे फ्रीजरइतकं. तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. रसवंती किंवा ज्यूसवाल्याकडे बर्फ मागितला तर मिळतो. बादलीत हे भरा, मध्ये घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा रोवा. डबा अर्धाच भरलेला हवा आणि मिठाचं पाणी झाकणावरून आत जाता कामा नये. कुस्करलेली केळी, दूध, थोडी साखर एवढं आत घालून डबा गरगर फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडा, कडेचं खरवडा. अर्ध्या तासात घट्ट होतं. मिठाळ बर्फात उघडा हात घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते. टॉवेल घ्या.

फ्रीज आहे पण सिंगल डोअर, वर छोटासा फ्रीजर आणि आत बर्फाचं हिमालय दर्शन? आधी तो बर्फ वितळवा, मग बटण सगळ्यात गारवर ठेवा आणि डबा थेट धातूच्या तळाला टेकवा. आमचाही तोच फ्रीज आहे. लाइट गेले आणि दुधाचं काही वितळून बराच वेळ तसंच राहिलं, तर ते पुन्हा गोठवायचं नाही.

बाकी फळांचं थोडक्यात सांगते. चिकू अगदी लिबलिबीत झाला तरी दुधाबरोबर छान जमतो, फक्त आंबूस वास तपासा. पपई आणि अननस यांच्याशी मात्र दुधाची गाठ घालू नका. दोन्हींत दुधातली प्रथिनं तोडणारी विकरं असतात, त्यामुळे दूध कडवट होतं, अननसाने तर फाटतंही. गोठवून ती विकरं मरत नाहीत. पपईचा गर, लिंबू, साखर आणि सैंधव एवढंच पेल्यात भरून काडी खोचा. आणि पेरू! मऊ पडून घरभर वास सुटलेल्या पेरूचा गर बिया काढून चाळा, साखर-लिंबू घालून गोठवा आणि काट्याने खरवडून वाटीत काढा. वर तिखट-मीठ. हे सगळ्यांत शेवटी करून बघितलं आणि आता केळ्यापेक्षाही तेच जास्त होतं.

मागच्या आठवड्यात काका पहाटे आले तेव्हा आम्ही मुद्दाम उठलो होतो. त्यांना पेल्यातली कुल्फी दिली. सकाळी साडेसहाला कुल्फी! ते दारातच उभ्या-उभ्या खात होते. अर्धी झाल्यावर म्हणाले, "ही त्यातलीच का?" रूममेट म्हणाली, "हो, मागच्या पिशवीतली." त्यावर ते काही बोलले नाहीत. काडी नीट चाटून पेल्यात ठेवली, पेला स्वतःच विसळला आणि जिना उतरताना मागे वळून विचारलं, "किती फळं बसतात गं एका वेळी?"

या गुरुवारी दोन पिशव्या आल्या आहेत. फ्रीजरमध्ये जागा नाही, बर्फाचा ट्रे बाहेर काढलाय आणि शेजारच्या काकूंकडे एक डबा ठेवायला मिळतो का, ते विचारायला मी आता निघालेय.